बाईंना न आलेला ताप

बाई गेल्याचं कळल्यावर ओळखीतल्या निदान तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "त्यांनी लस घेतली होती ना?" पूर्वी माणूस गेला की "काय झालं होतं?" एवढं विचारून लोक गप्प बसत. आता उत्तर आधी ठरवून मग प्रश्न विचारतात. बाई ऐंशीच्या पलीकडे गेल्या होत्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. "घेतली होती," मी सांगतो. समोरचा अर्थपूर्ण मान हलवतो. "नव्हती घेतली" असं म्हटलं असतं तरी त्याने तितकीच अर्थपूर्ण मान हलवली असती. मी आता समजावत बसत नाही. समजावण्याचा माझा वाटा त्या उन्हाळ्यात संपला.

डहाणूला समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाईंचं घर होतं आणि वरच्या मजल्यावर आम्ही नवराबायको बरीच वर्षं भाड्याने राहिलो. मी गंजाडजवळच्या शाळेत मास्तर. बाई मुलींच्या शाळेतून विज्ञानाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या कधीतरी वर्गात नव्हत्या असं मात्र मी पाहिलं नाही. दूधवाल्याने पिशवी उंबऱ्यावर ठेवली तर त्याला जंतू म्हणजे काय ते उभ्याउभ्या शिकवायच्या. तोही रोज नवीन असल्यासारखा ऐकायचा, कारण त्याशिवाय सुटका नसे. रागवायच्या ते गुजरातीत. आम्ही एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "मराठी घरची भाषा आहे. ती भांडणात कशाला झिजवायची?" बोर्डीत वाढल्यामुळे त्यांची गुजराती अस्सल होती. तिकडून आलेला भाजीवाला शिव्या खाऊनही खूश होऊन जायचा.

ताप हा त्यांचा खास विषय. कोणी जरा म्लान दिसलं की बाई उलट्या हाताने कपाळ बघत आणि आकडा सांगत. मग चष्म्याच्या घरात ठेवलेला थर्मामीटर काढून पडताळा घेत. दोन्ही आकडे कधीच जुळत नसत. "थर्मामीटर जुना झालाय," बाई म्हणत. त्यांनी माझ्या देखत तीन नवे थर्मामीटर घेतले. तिन्ही लगेच जुने झाले.

तापाच्या गोळीवर त्यांचा फार राग. "गोळी म्हणजे कॉपी," हे त्यांचं आवडतं वाक्य. शरीराला प्रश्न घातला आहे, त्याला विचार करू द्या, घाम गाळू द्या, तुम्ही चिठ्ठी सरकवून त्याला पास कशाला करता? डॉक्टर काय म्हणतात हे त्यांना ऐकवलं की त्या म्हणत, "डॉक्टर माझा विद्यार्थी आहे. मला माहीत आहे तो कसा पास झाला."

शाळामास्तर हा सरकारचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलका नोकर असल्यामुळे करोनाच्या लसीच्या कामावर आम्हाला जुंपलं, आणि लसही आम्हाला लवकर मिळाली. मी आणि बायको एकाच दिवशी घेऊन आलो. संध्याकाळपर्यंत काही नाही. मग दंड दुसऱ्याचा असल्यासारखा जड झाला आणि अशी हुडहुडी भरली की भर उन्हाळ्यात दोन गोधड्यांखाली माझे दात वाजायला लागले. सकाळी बाई जिना चढून आल्या. कपाळावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा निकालाच्या दिवसासारखा उजळला.

"अभिनंदन, गुरुजी! छान आलाय!"

"बाई, मरतोय मी."

"मरत नाही आहात. आत वर्ग भरलाय. हजेरी चालू आहे. गडबड तर होणारच."

बायकोच्या काखेत सुपारीएवढी गाठ आली होती. ती घाबरून रडकुंडीला आली. बाईंनी तिला समोर बसवलं आणि काखेतल्या ग्रंथी काय काम करतात, दंडात टोचलेल्याची बातमी त्यांच्याकडे कशी पोचते, ते सगळं खुलासेवार सांगितलं. बायको म्हणाली, "बाई, मला थंडी वाजतेय आणि तुम्ही तास घेताय." तरी तिची भीती गेली, हे खरं. आठवड्याभरात गाठही गेली. मी दुपारी तापाची गोळी घेतली आणि संध्याकाळी खाली उतरलो, तर बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढ्या लवकर उतरला? कॉपी केलीत." पुढचे दोन दिवस माझ्याशी गुजरातीत बोलल्या.

त्यांनी स्वतः मात्र अजून लस घेतली नव्हती. त्याचं कारण जानी.

जानी गंजाडच्या अलीकडच्या एका पाड्यातली. बाईंची तिथे थोडी वडिलोपार्जित जमीन होती. ती जानीचं घर कसायचं, आणि जानी रोज सकाळच्या गाडीने डहाणूला येऊन बाईंचा स्वयंपाक करून परत जायची. पन्नाशीची, सडसडीत, बोलायला फटकळ. ती बाईंना "बाय" म्हणायची आणि अरेतुरे करायची. तिच्या भाषेत अहोजाहो फक्त पोलिसांसाठी राखून ठेवलेलं होतं. बाईंच्या व्याख्यानावर तिचा एकच अभिप्राय असायचा, "झाला का बोलून? भाकर निवली."

जानीच्या पाड्यावर कोणीच लस घ्यायला तयार नव्हतं. शेजारच्या पाड्यावर एका माणसाला सुई घेतल्यावर जोराचा ताप आला आणि महिन्याभराने तो कसल्याशा काविळीने गेला. लोकांनी ताप आणि मरण जोडलं, मधला महिना सोडून दिला. मी तिथल्या घराघरात फिरलो. लोक पाणी द्यायचे, बसायला खाट द्यायचे, सगळं ऐकून घ्यायचे, आणि मी उठलो की म्हणायचे, "बरा, गुरुजी. बगू." ते "बगू" मला अजून ऐकू येतं.

"तुमचं चुकतंय," बाई मला म्हणाल्या. "तुम्ही म्हणता ताप आला तर घाबरू नका. अहो, न बघितलेल्या गोष्टीला माणूस घाबरणारच. प्रयोग दाखवायला हवा." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी जानीला जाहीर करून टाकलं: मी तुमच्या पाड्यावर येईन, तुमच्या शाळेत सगळ्यांसमोर सुई घेईन, तुझ्या अंगणात खाटेवर झोपेन. सगळ्यांसमोर मला ताप येईल. सगळ्यांसमोर तो उतरेल. मग घ्याल?

जानी भाकरी थापता थापता म्हणाली, "ताप येल नक्की?"

"गुरुजींना आला, त्यांच्या बायकोला आला. मला का नाही येणार?"

"मंग बगू."

शिबिराच्या दिवशी माझ्या शाळेच्या व्हरांड्यात एक मोठा फलक लागला. त्यावर इतके चेहरे होते की सुईचं चित्र कोपऱ्यात गेलं होतं. उद्घाटनाला येणारे साहेब कुठल्या खात्याचे, ते फलकावरूनही कळत नव्हतं. ते उशिरा आले. वर्गाच्या दाराला फीत बांधली होती. ती कापायला कात्री नव्हती, म्हणून सिस्टरच्या पेटीतली घेतली आणि ती परत द्यायला साहेब विसरले. मग नारळ, मग शाल, मग भाषण. लस म्हणजे अमृत कशी, हे साहेब सांगत असताना सिस्टर बर्फाच्या डब्याकडे आणि बाहेरच्या उन्हाकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी बाई पहिल्या बाकावरून उठल्या.

"साहेब, तुमचं अमृत कोमट व्हायला लागलंय. आटपा."

चिंचेखाली बसलेला सगळा पाडा हसला. त्या दिवशी शिबिरात झालेलं सगळ्यात उपयोगी काम तेवढंच. सुई घेतली ती बाईंनी आणि शिबिरासाठी आलेल्या आम्हा नोकरमाणसांपैकी उरलेल्या दोघांनी. पाड्यातल्या कोणीही नाही. सगळे आधी प्रयोग बघणार होते.

बाईंना जानीच्या अंगणात, मांडवाच्या सावलीत खाट टाकून दिली. एखाद्या नाटकाला जमावी तशी माणसं जमली. बाई उशाला थर्मामीटर ठेवून बसल्या आणि आत काय चाललं असेल त्याचं धावतं वर्णन करायला लागल्या. "आता दंड दुखेल." दंड दुखला. लोकांनी माना डोलावल्या. "आता संध्याकाळी अंग मोडून येईल, मग थंडी वाजेल." संध्याकाळ झाली. बाईंनी पेज प्यायली, वर आंब्याची फोड खाल्ली, आणि स्वतःचंच कपाळ उलट्या हाताने पाहिलं. मग थर्मामीटर लावला. त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही आकडे जुळले. ताप अजिबात नव्हता.

सकाळी मी गेलो तेव्हा बाई टुणटुणीत होत्या आणि त्यामुळेच त्यांचा चेहरा उतरला होता.

"मग चांगलंच झालं की, बाई," मी म्हणालो. "सांगा त्यांना, बघा, काहीसुद्धा झालं नाही."

"मी सांगितलं होतं ताप येतो. तो आला नाही. आता ते काय म्हणतायत ऐका."

ते काय म्हणतायत, हे जानीच्या सासऱ्याने मला ऐकवलं. लाडक्याबाबा त्याचं नाव. त्याने सदऱ्याची बाही वर केली आणि दंडावरचे दोन गोल वण दाखवले. लहानपणी देवीची लस टोचत, त्याचे. "ही बगा गुरुजी. हिला म्हनत्यात लस. मोठा फोड आलता, ताप आलता, मंग खपली. उठली नाय तर परत टोचायचे. तवा टोचनारा मानूस सांगायचा, उठली तर लागली. बाईला उठली नाय. बाईला पानी दिला."

"अहो, एकाच डब्यातून दिलं सगळ्यांना. मी तिथेच होतो."

"तुमी तिथंच व्हते," तो सौम्यपणे म्हणाला. "साहेब पन तिथंच व्हता. मोठ्या मानसाला कोन खरी सुई टोचील?"

अंगावर खूण उठली तरच औषध लागलं, ही गोष्ट त्याच्या दंडावर लिहिलेली होती. आणि मोठ्या माणसांना वेगळं मिळतं, हे शिकायला त्याला शाळेत यावं लागलं नव्हतं. खरं सांगायचं तर बाईंचाही समज त्याच्यासारखाच होता. ताप म्हणजे पास. फक्त त्या तो विज्ञानाच्या भाषेत सांगायच्या. त्यामुळे त्या सकाळी पाडा आणि बाई यांचं पूर्ण एकमत होतं: लस लागलेली नाही.

दुपारी साहेबांचा मला फोन आला. आकडा कमी पडला होता. मी परिस्थिती सांगितली. "मग त्यात काय?" साहेब म्हणाले. "मॅडमना म्हणावं, जरा घोंगडी घ्या अंगावर, थोडं कण्हा. उद्या उठून बसा. लोकांच्या भल्याचंच आहे." मी फोन बाईंच्या कानाला लावला. मला वाटलं, आता गुजराती सुरू होईल. पण बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन परत दिला. मग जानीकडे घोंगडी मागितली.

त्या आडव्या झाल्या. घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली. अंगणातल्या बायका सरकून जवळ आल्या. जानी लगबगीने चुलीपाशी गेली, तांब्यात गरम पाणी घेऊन आली, आणि बाईंच्या कपाळावर हात ठेवला. तिचा चेहरा खरोखर काळजीने भरलेला होता. बाई डोळे मिटून पडल्या होत्या. बाकी कोणाच्या नाही, पण जानीच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटायला लागलं की हे आता थांबावं.

बाईंनी डोळे उघडले. "ताप नाहीये मला," त्या म्हणाल्या. घोंगडी बाजूला करून उठून बसल्या. "ताप येणार नव्हताच बहुतेक. बोलव सगळ्यांना, जानी."

लोक आले. बाईंनी दोन्ही हात पुढे केले आणि बोटं पसरली. ती पुरती पसरलीच नाहीत. सांधे सुजलेले, बोटं एका बाजूला कललेली. इतकी वर्षं मी त्या हातांकडे बघून म्हातारपण समजत होतो.

"बघा नीट. माझं अंग वेडं आहे. बाहेरच्या शत्रूऐवजी माझ्याच हाडांवर धावून येतं. म्हणून डॉक्टर मला रोज गोळी देतो, त्या अंगाला गुंगवून ठेवायला. कित्येक वर्षं घेतेय. ती घेतली नाही तर मला भाकरी मोडता येणार नाही. आता त्या गुंगवलेल्या अंगाला सुई टोचली. ते ओरडलं नाही. डॉक्टर म्हणाला होता, ताप आला नाही म्हणजे लस लागली नाही असं नसतं. धडधाकट माणसालाही कधी येत नाही. पण तुमच्यासारख्याला लागते तेवढी मला लागेल का, हे तोही सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही."

मग लाडक्याबाबाने विचारलं, "हा तुला ठाव व्हता, मंग ताप येल असा का बोललीस?"

"वाटलं, येईल," बाई म्हणाल्या. "यावा असं फार वाटत होतं. सगळ्यांसारखा."

बाईंना इतकं साधं वाक्य बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं. गोळीला कॉपी म्हणणारी ही बाई रोज सकाळी दार लावून गोळी घेत होती, हे कळल्यावर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर घोंगडी घेऊन कण्हलो असतो, साहेबांचा आकडा भरला असता आणि मलाही शाल मिळाली असती.

"आता माझं ऐका," बाई पुढे म्हणाल्या. "माझं अंग मला राखेल याचा भरवसा नाही. रोज माझ्या घरात येते ती जानी. तुमच्यात रोग आला तर तिच्याबरोबर माझ्याकडे येणार. तुम्ही घेतलीत तर मी थोडी जास्त वाचेन. हे काही विज्ञान सांगत नाही आहे. मागतेय."

झालं एवढंच. कोणी पुढे आलं नाही, कोणाचे डोळे भरले नाहीत. लोक उठून आपापल्या कामाला गेले. जानी तर भयंकर चिडली. "इतकी वर्सं तुज्या हातावर तेल चोळतंय मी. म्हनायची, थंडीनं आखडले. गोळीचा एक शबूद नाय बोललीस. मी कोन तुजी? भाकर करनारी?" त्या दिवशी तिने आम्हाला गाडीपर्यंत पोचवलंही नाही. दुसऱ्या दिवशी ती डहाणूला आली नाही. त्यानंतरही आली नाही. बाई खाली एकट्याच वरणभात करून खायच्या. माझी बायको डबा न्यायची तर दार थोडंसं उघडून घ्यायच्या आणि "दोन डोस होईपर्यंत लांब उभी राहा" म्हणून दार लावून घ्यायच्या. दूधवाला मला म्हणाला, "बाई हल्ली काही शिकवत नाहीत, बरं नाही का?"

पाऊस सुरू व्हायच्या आधी पुन्हा शिबिर लागलं. साहेबांना वेळ नव्हता, त्यामुळे ते वेळेवर सुरू झालं. मी आणि सिस्टर, एक टेबल, एक डबा. दुपारपर्यंत बसून होतो. मग चिंचेखालून जानी उठली आणि सरळ टेबलाशी येऊन बाही वर केली. तोंड माझ्याकडे नव्हतं.

"मला नाय पायजे ही," ती सिस्टरला म्हणाली. "पर तिची भाकर कोन करील? तिला सवताला पीठ मळता येत नाय."

तिच्यामागून चार बायका आल्या. मग तिचा नवरा. लाडक्याबाबा आला नाही. तो शेवटपर्यंत आला नाही, आणि अजून ठणठणीत आहे. ज्याला त्यातून काही सिद्ध करायचं असेल त्याने करावं.

जानीला ताप आला. असा आला की नवऱ्याने सकाळीच मला फोन केला. मी खाली जाऊन बाईंना सांगितलं. जानीने सुई घेतली हे त्या आधी मान्यच करेनात, मग चप्पल शोधत राहिल्या, मग म्हणाल्या रिक्षा बोलवा. अख्ख्या वाटेत त्या काही बोलल्या नाहीत. तोंडावर दोन मास्क होते, तेही कारण असेल.

जानी घरात खाली अंथरुणावर पडली होती. चेहरा लाल, ओठ सुकलेले. बाई दारापाशी थांबल्या, मग आत जाऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. ते बसणं त्यांना किती कठीण गेलं ते मी बघितलं. त्यांनी हात पुढे केला, पण आकडा सांगितला नाही.

"कसं वाटतंय?"

"वाईट," जानी म्हणाली. "हाडं फुटतंत. तुला हौस व्हती ना याची? घे."

बाईंनी तोंड उघडलं. मला माहीत होतं आता काय येणार. वर्ग, हजेरी, काखेतल्या ग्रंथी. जानीलाही माहीत होतं.

"तुज्यासाठी घेतली," ती म्हणाली. "आता गप बस."

बाई गप्प बसल्या. पिशवीतून त्यांनी तापाच्या गोळ्या काढून उशाशी ठेवल्या. मग शेजारच्या पाण्याच्या भांड्यातलं फडकं उचललं आणि तसंच, पाणी गळत असलेलं, जानीच्या कपाळावर ठेवलं. पाणी तिच्या कानात गेलं, केसांत गेलं, उशी भिजली.

"पिळून ठेव की," जानी डोळे न उघडता करवादली.

"मला पिळता येत नाही."

जानीने डोळे उघडले. थोडा वेळ बाईंच्या बोटांकडे बघितलं. मग कोपरावर रेलून ती अर्धवट उठली, कपाळावरचं फडकं काढलं, भांड्यावर धरून घट्ट पिळलं, बाईंच्या हातात दिलं आणि परत आडवी झाली.

बाईंनी ते तिच्या कपाळावर ठेवलं.